पासिंग होईपर्यंत

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातल्या कल्याणीनगरमध्ये एका भरधाव पोर्शे गाडीच्या धडकेत दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते ठार झाले. अल्पवयीन चालक, जामिनासाठी तीनशे शब्दांच्या निबंधाची अट, रक्ताच्या नमुन्यांची अदलाबदल अशा एकेक प्रकारांनी ते प्रकरण पुढे महिनोन् महिने गाजत राहिले. त्या गदारोळात एक बारीकशी बाब मागे पडली. त्या गाडीला कायमचा नंबरच नव्हता. बंगळुरूच्या विक्रेत्याने मार्चमध्ये ती कर्नाटकातल्या तात्पुरत्या नोंदणीवर महाराष्ट्रात पाठवली. पुण्याच्या आरटीओत ती दाखवण्यातही आली. पण ठरलेले शुल्क कोणी भरले नाही आणि नोंदणी तिथेच अडकली. शुल्क होते १,७५८ रुपये. त्यात कर्जाचा बोजा चढवण्याचे १,५००, स्मार्ट कार्डाचे २०० आणि टपालाचे ५८.

एक कोटीहून अधिक किमतीची गाडी आणि थकलेले पैसे दोन हजारांच्या आत. कारण गाडी विजेवर चालणारी होती आणि महाराष्ट्रात अशा गाड्यांना रस्ता कर माफ आहे. म्हणजे या गाडीवर कर थकलेला नव्हताच, तरी ती रस्त्यावर यायला नको होती. राज्याच्या परिवहन आयुक्तांनी त्या वेळी स्पष्ट केले की तात्पुरत्या नोंदणीच्या काळात गाडी फक्त आरटीओपर्यंत ने-आण करण्यापुरती चालवता येते.

नवी गाडी घेणाऱ्या बहुतेकांच्या मनात याचे चित्र वेगळे असते. गाडीचे पैसे दिले, पेढे वाटले, गाडी आपली झाली; टॅक्स हे सरकारचे देणे, चार दिवस मागेपुढे झाले तर दंड भरू, अशी साधारण समजूत. घराची पाणीपट्टी उशिरा भरली म्हणून कोणी आपल्याला घराबाहेर काढत नाही, तसेच हे, असे वाटते. गाडीचे तसे नाही. इथे कर भरल्याशिवाय नंबर पडत नाही आणि नंबराशिवाय गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवणे हाच गुन्हा आहे. कराची पावती ही त्या साखळीतली मधली एक कडी. ती निसटली की पुढचे सगळे अडते.

ही साखळी अशी विचित्र का, याचे उत्तर राज्यघटनेत आहे. वाहनांवर कर लावण्याचा अधिकार राज्यांचा आहे. राज्यसूचीतल्या ५७ व्या नोंदीने तो दिला आहे. वाहनांची नोंदणी, परवाने, विमा, दंड हे मात्र १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात, म्हणजे केंद्राच्या कायद्यात येतात. महाराष्ट्राचा कर वसूल होतो तो १९५८ च्या कायद्याखाली. हा कायदा राज्याच्या स्थापनेपेक्षा दोन वर्षांनी मोठा, म्हणून मूळ नाव मुंबई मोटार वाहन कर अधिनियम. दोन सरकारे, दोन कायदे, आणि दोघांचे काम बघणारी खिडकी एकच: आरटीओ. नंबर देणारा आणि कर घेणारा एकाच टेबलावर बसत असल्यामुळे कराची वसुली नंबराच्या आधी उरकून घेतली जाते. राज्याच्या दृष्टीने हे सोयीचेच. एकदा नंबर मिळाल्यावर कर भरायला कोण पळत येणार?

शिवाय आपल्याकडे खासगी गाडीचा कर दरवर्षी भरायचा नसतो, एकरकमी भरायचा असतो. त्याला सगळे ‘वन टाइम टॅक्स’ म्हणतात. रक्कम लहान नाही. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंतच्या किमतीवर ११ टक्के, दहा ते वीस लाखांवर १२ टक्के आणि त्यापुढे १३ टक्के. डिझेलला याच टप्प्यांवर १३, १४ आणि १५ टक्के. सीएनजी गाड्यांचा ७, ८ आणि ९ टक्क्यांचा दर १ जुलै २०२५ पासून एकेका टक्क्याने वाढला, आणि कराची कमाल मर्यादा वीस लाखांवरून तीस लाखांवर गेली. गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर सरसकट २० टक्के. बारा लाखांची पेट्रोल गाडी घेणाऱ्याने १ लाख ४४ हजार रुपये नुसत्या करापोटी मोजायचे असतात. तीच डिझेलवर घेतली तर १ लाख ६८ हजार. एक्स-शोरूम आणि ऑन-रोड या दोन किमतींमधली जी दरी बघून माणूस दचकतो, तिचा मोठा हिस्सा हाच.

इतकी रक्कम एकदम भरायची म्हटल्यावर ती कोणाच्या हातून, कधी भरली जाते याला महत्त्व येते. गिऱ्हाईक ऑन-रोड किमतीचा धनादेश किंवा बँकेचे कर्ज विक्रेत्याला देतो. विक्रेता त्यातून विमा काढतो, कर भरतो आणि नोंदणीचा अर्ज करतो. कर्जाची रक्कम बँकेकडून यायला उशीर झाला की विक्रेता कर भरायला हात आखडता घेतो. गिऱ्हाइकाला आवडीचा नंबर हवा असेल तर चालू मालिका संपून नवी सुरू होण्याची वाट पाहिली जाते. पत्त्याचा पुरावा जुळत नाही, पॅनवरचे नाव वेगळे निघते, कधी सर्व्हर बंद असतो. यातले काहीही झाले तरी डिलिव्हरीची तारीख मात्र ठरलेली असते, कारण ती पंचांगाने ठरवलेली असते.

दसरा, पाडवा, अक्षय तृतीया या दिवशी शोरूमबाहेर गाड्यांची रांग लागते. हार, नारळ, चाकाखाली लिंबू, आणि किल्ली हातात देतानाचा फोटो. यात वाईट काहीच नाही. पण मुहूर्ताच्या दिवशी नंबर पडलेला नसला की विक्रेत्याच्या माणसाच्या तोंडून ते प्रसिद्ध वाक्य येते: “घेऊन जा साहेब, दोन दिवसांत नंबर पडेल, काही होत नाही.” त्याचे चुकते कुठे, तर दोन ठिकाणी. पहिले म्हणजे असे देणे त्याला कायद्याने मना आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम ४१ मध्ये ही जबाबदारी विक्रेत्यावर टाकली गेली: गाडी ज्या राज्यात विकली त्याच राज्यात नोंदायची असेल तर अर्ज विक्रेत्यानेच करायचा, आणि नंबर गाडीवर लागल्याशिवाय ती गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायची नाही. पूर्ण बांधणी होऊन आलेली कार आता तपासणीसाठी आरटीओत न्यावीही लागत नाही. कागद ऑनलाइन जातात आणि नंबर शोरूममध्ये बसल्या जागी मिळतो. म्हणजे ‘दोन दिवसांत पडेल’ हा नंबर दोन दिवस आधीही पडू शकला असता. पैसे आणि कागद आठवडाभर आधी देणाऱ्याच्या गाडीला मुहूर्ताला नंबरपाटी लागलेली असते. उशीर झालाच तर पूजा शोरूममध्ये करून गाडी तिथेच ठेवून यावी. मुहूर्त पूजेचा असतो, पहिल्या सिग्नलचा नसतो.

दुसरे, ‘काही होत नाही’ हेही खरे नाही. कलम ३९ नुसार नोंदणी न झालेले वाहन चालवायचे नाही आणि मालकाने दुसऱ्याला चालवू द्यायचे नाही. कलम १९२ प्रमाणे पहिल्या वेळी दोन हजार ते पाच हजार दंड, पुन्हा सापडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच ते दहा हजार दंड, किंवा दोन्ही. कलम २०७ खाली पोलीस किंवा आरटीओचे पथक गाडी जागेवर अडकवून ठेवू शकते. २०१९ मध्ये घातलेले कलम १९२-ब त्याहून कडक आहे. नोंदणीचा अर्जच न करणाऱ्या मालकाला वार्षिक कराच्या पाचपट किंवा एकरकमी कराच्या एक तृतीयांश, यातली जास्त असेल ती रक्कम. विक्रेत्याने कसूर केली तर वार्षिक कराच्या पंधरापट किंवा पूर्ण एकरकमी कर, यातली जास्त. मघाच्या बारा लाखांच्या पेट्रोल गाडीला एक तृतीयांश म्हणजे ४८ हजार रुपये. विक्रेत्यावरचा दंड मालकावरच्या दंडापेक्षा इतका जास्त ठेवला आहे, यावरून कायदा करणाऱ्यांना चूक मुख्यतः कुठे होते असे वाटले ते समजते. मला ते बरोबर वाटते. शोरूममध्ये पहिली गाडी घ्यायला आलेल्या माणसाला कलमे माहीत नसतात. रोज गाड्या विकणाऱ्याला ती माहीत असतातच.

मग बिननंबरी गाड्या रस्त्यावर दिसतात त्या सगळ्याच बेकायदा असतात का? नाही. कायद्याने दोन वाटा ठेवल्या आहेत आणि दोन्ही अरुंद आहेत.

पहिली वाट विक्रेत्याची. त्याच्याकडे व्यवसाय प्रमाणपत्र असते. बाजारात त्याला ‘टीसी’ म्हणतात. त्याच्यासोबत येणारी पाटी लाल रंगाची, तिच्यावर पांढरी अक्षरे. या पाटीवर न नोंदलेली गाडी कुठल्या कामांसाठी न्यायची याची यादी केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या ४१ व्या नियमात आहे: चाचणी, दुरुस्ती, वजनकाटा, नोंदणीसाठी आरटीओ, संभाव्य गिऱ्हाइकाला दाखवणे, बॉडी बसवायला किंवा रंगवायला नेणे, प्रदर्शन, डिलिव्हरीसाठीची ने-आण आणि अशीच काही. या सगळ्यात गाडी विक्रेत्याच्या ताब्यात आहे हे गृहीत आहे. लाल पाटी लावून गिऱ्हाइकाने कुटुंबासह महाबळेश्वर गाठले तर ते यातल्या कशातच बसत नाही.

दुसरी वाट तात्पुरत्या नोंदणीची. हिची पाटी पिवळी, अक्षरे लाल. गाडी एका राज्यात घेऊन दुसऱ्या राज्यात नोंदायची असते तेव्हा, किंवा नुसती चॅसी घेऊन तिच्यावर ट्रक-बसची बॉडी बांधायची असते तेव्हा हिची गरज पडते. पूर्वी ही नोंदणी महिन्याभराची असे. आता काही प्रकारांत मुदत जास्त मिळते, म्हणून आपल्या कागदावर छापलेली अखेरची तारीख पाहायची, शेजाऱ्याच्या अनुभवावर विसंबायचे नाही. तात्पुरता नंबर कागदावर छापून काचेला चिकटवणे नियमात बसत नाही. काचेवर ‘ए/एफ’ लिहिणे, म्हणजे अर्ज केलेला आहे असे सांगणे, याला तर कायद्यात कुठेच जागा नाही. तो आपणच आपल्याला दिलेला परवाना. नंबर पडला पण उच्च सुरक्षा पाटी अजून आलेली नाही, ही स्थितीही अर्धवटच. १ एप्रिल २०१९ पासून बनलेल्या गाड्यांना ती पाटी कंपनी-विक्रेत्याकडूनच लागून यायची असते, आणि कलम ३९ ला नंबर नुसता मिळून चालत नाही, तो गाडीवर दिसावा लागतो.

दंडापेक्षा मोठा धोका विम्याचा आहे आणि तो बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. नव्या गाडीचा विमा नंबर पडण्याआधीच निघतो. पॉलिसीवर नंबराच्या जागी ‘नवीन’ असे काहीतरी असते आणि खाली चॅसी नंबर, इंजिन नंबर. हप्ता भरलेला, पॉलिसी हातात, त्यामुळे मालक निर्धास्त. आपण रस्त्यावर यायला अजून पात्रच नाही, हे ती पॉलिसी सांगत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ते दोनदा सांगितले आहे. पहिला खटला एका महिंद्रा पिकअपचा. तिची महिनाभराची तात्पुरती नोंदणी ११ जानेवारी २००६ ला संपली. कायमच्या नोंदणीसाठी अर्ज नाही, मुदतवाढही मागितलेली नाही. २ फेब्रुवारीला अपघात झाला. मधे तीन आठवडे. पॉलिसी डिसेंबरपर्यंत चालू होती, पण विमा कंपनीने भरपाई नाकारली आणि २०१४ मध्ये न्यायालयाने तो नकार योग्य ठरवला. नोंदणीविना गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवणे हा कलम १९२ खालचा गुन्हा तर आहेच, शिवाय तो विमा कराराच्या मूळ अटींचाच भंग आहे, असे न्यायालयाचे म्हणणे.

दुसरा खटला जास्त बोलका आहे, कारण त्यात अपघात झालेलाच नव्हता. राजस्थानातल्या श्रीगंगानगरच्या एका व्यावसायिकाने पंजाबात बोलेरो घेतली. विम्याची रक्कम ६ लाख १७ हजार ८०० रुपये. तात्पुरती नोंदणी १९ जुलै २०११ ला संपली. २८ जुलैच्या रात्री तो कामानिमित्त जोधपूरला एका अतिथिगृहात उतरला, गाडी बाहेर उभी केली आणि सकाळी ती जागेवर नव्हती. चोरीचा आणि नोंदणीचा संबंध काय, असे कोणालाही वाटेल. चोराने नंबर बघून थोडीच गाडी निवडली? राष्ट्रीय ग्राहक आयोगानेही भरपाईच्याच बाजूने कौल दिला होता. ३० सप्टेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. गाडी नोंदणी संपल्यावर चालवली गेली, दुसऱ्या शहरात नेली गेली, मालकाच्या जागेबाहेर रात्रभर उभी राहिली. नुकसान झाले त्या वेळी वैध नोंदणी नव्हती, आणि एवढे पुरेसे आहे, असा त्या निकालाचा रोख.

नऊ दिवसांच्या उशिरापायी सहा लाख गेले. हा निकाल कठोर आहे असे मला वाटते. उभ्या गाडीची चोरी आणि पळत्या गाडीचा अपघात यांत फरक करायला वाव होता. पण कायदा आता तोच आहे आणि विमा कंपन्यांच्या वकिलांना तो तोंडपाठ आहे. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. हे दोन्ही दावे मालकाच्या स्वतःच्या नुकसानीचे होते. अशा गाडीने दुसऱ्या कोणाला इजा झाली तर त्या जखमीच्या भरपाईचा विचार वेगळ्या कलमांनी होतो.

विजेच्या गाड्यांच्या बाबतीत गोंधळ आणखी वाढतो, कारण तिथे ‘टॅक्सच नाही’ हे ऐकून माणूस निश्चिंत होतो. तीस लाखांवरच्या विजेच्या गाड्यांना ६ टक्के कर लावण्याचा प्रस्ताव २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात आला होता. त्याच महिन्यात तो मागे घेतला गेला. म्हणजे सवलत कायम आहे. पण कर शून्य असला तरी अर्ज, कर्ज असल्यास बोज्याची नोंद, स्मार्ट कार्ड, पाटी हे सगळे शिल्लक राहतेच.

आता राज्याच्या सीमेकडे येऊ. सावंतवाडी-बांद्याच्या माणसाला पणजी जवळ, चंदगडच्या माणसाला बेळगाव. सिंधुदुर्गात गोव्याच्या ‘जीए’ पासिंगच्या गाड्या पुष्कळ दिसतात. गोव्यात राहणाऱ्याने तिथे नोंदलेली गाडी घेऊन कोकणात यायला काहीच हरकत नाही. पण कलम ४० प्रमाणे गाडी नोंदायची ती मालकाचे घर किंवा व्यवसाय जिथे आहे आणि गाडी एरवी जिथे ठेवली जाते त्या राज्यात. गोव्यातल्या मावसभावाचा पत्ता देऊन नोंदलेली आणि कायम कुडाळला उभी असलेली गाडी या व्याख्येत बसत नाही. केरळात २०१७ मध्ये महागड्या गाड्या पुदुच्चेरीच्या खोट्या पत्त्यांवर नोंदवून कर वाचवल्याचे प्रकरण चित्रपट कलाकारांपर्यंत गेले आणि फौजदारी गुन्हे दाखल झाले, ते याच मुद्द्यावर.

खरोखरच बदली होऊन आलेल्यासाठी कलम ४७ आहे. बाहेरच्या राज्याच्या नंबराची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे राहिली तर नवा नंबर घ्यावा लागतो. या बारा महिन्यांचा अर्थ लोक ‘वर्षभर टॅक्स नाही’ असा लावतात, तो चुकीचा आहे. बारा महिने ही नंबर बदलण्याची मुदत, आणि ती केंद्राच्या कायद्यातली. कर राज्याच्या कायद्याने लागतो, आणि महाराष्ट्राचा कायदा ‘राज्यात वापरलेल्या किंवा वापरासाठी ठेवलेल्या’ वाहनावर कर लावतो. एक कायदा सवड देतो म्हणून दुसरा देतोच असे नाही. रस्त्यात अडवलेला बंगळुरूचा संगणक अभियंता आणि अडवणारा अधिकारी, दोघेही आपापल्या कायद्याच्या आधाराने बरोबर बोलत असतात, म्हणून तो वाद मिटत नाही.

या बदलीत पैशांची ओढाताणही आहे. मूळ राज्यातल्या आरटीओचा ना हरकत दाखला आणायचा, नव्या राज्यात गाडीच्या वयानुसार उरलेला कर भरायचा, नवा नंबर घ्यायचा, आणि मग त्या पावत्या घेऊन मूळ राज्याकडे उरलेल्या वर्षांच्या कराचा परतावा मागायचा. म्हणजे काही काळ दोन्ही सरकारांकडे आपला कर जमा असतो. परतावा हक्काचा असला तरी तो घ्यायला जुन्या गावी हेलपाटे घालावे लागतात, आणि पुष्कळ लोक कंटाळून तो सोडून देतात.

सतत बदल्या होणाऱ्यांसाठी १५ सप्टेंबर २०२१ पासून ‘बीएच’ म्हणजे भारत मालिका सुरू झाली. लष्कर, केंद्र आणि राज्य सरकारचे कर्मचारी, सार्वजनिक उपक्रम, आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांचे नोकर यांना ती घेता येते. यात कर एकरकमी नाही. दोन-दोन वर्षांचा, गाडीच्या किमतीनुसार ८, १० किंवा १२ टक्क्यांच्या दराने काढलेला, डिझेलला दोन टक्के जास्त आणि विजेच्या गाडीला दोन टक्के कमी. सुरुवातीला खिसा हलका होत नाही म्हणून ती आवडते. पण एकदा कर भरून विसरून जाण्याची सोय इथे नाही. दोन वर्षांची मुदत उलटून सात दिवस गेले की रोज १०० रुपये दंड चढायला लागतो. एकरकमी कराच्या सवयीत वाढलेल्या महाराष्ट्रातल्या नोकरदाराला ही तारीख लक्षात ठेवणे जड जाते.

जुनी गाडी घेताना आपल्याकडे एक मोठी सोय आहे: कर गाडीला चिकटून राहतो. पहिल्या मालकाने एकरकमी भरलेला कर दुसऱ्या-तिसऱ्या मालकालाही चालतो. राज्य तेच असेपर्यंत पुन्हा भरावा लागत नाही. लंडनला नोकरीसाठी गेलेल्या मराठी माणसाची नेमकी इथेच फसगत होते. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०१४ पासून गाडी विकली की तिच्यावरचा कर त्याच क्षणी संपतो. विकणाऱ्याला उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे परत मिळतात आणि घेणाऱ्याने गाडी रस्त्यावर काढण्याआधी स्वतःच्या नावाने कर भरायचा. घरी नेईपर्यंतची सवलतही नाही. काचेवर लावायची कराची गोल चकती १९२१ पासून चालत आली होती, तीही त्याच दिवशी गेली. आता रस्त्यावरचे कॅमेरे नंबर वाचतात आणि कर भरला आहे का ते यंत्रच तपासते. ‘आधीच्या मालकाने टॅक्स भरलेला आहे’ हे कोल्हापुरात दिलासा देणारे वाक्य तिथे निरुपयोगी ठरते. उलट तिथे कर लगेच ऑनलाइन भरता येतो. विकणाऱ्याने दिलेल्या नव्या मालकाच्या चिठ्ठीवरचा क्रमांक टाकला की पाच मिनिटांचे काम.

आपल्याकडे खासगी गाडीचा कर मागे राहत नसला तरी दुसऱ्या दोन गोष्टी मागे राहतात. पहिली व्यवसायाच्या गाड्यांची. ट्रकसारख्या अनेक गाड्यांचा कर एकरकमी नसतो, ठरावीक मुदतीने भरायचा असतो. तिथे थकबाकी असू शकते आणि ती मिटेपर्यंत आरटीओ गाडी नव्या नावावर चढवत नाही. परिवहनच्या संकेतस्थळावर किंवा ‘एमपरिवहन’ ॲपवर नंबर टाकून कराची मुदत, विमा आणि बोजा आधी पाहून घेतला तर हे सौदा होण्यापूर्वीच कळते.

दुसरी गोष्ट नावाची. गाडी विकल्यावर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचे, घेणारा दुसऱ्या राज्यातला असेल तर पंचेचाळीस दिवसांत. घेणाऱ्याने तीस दिवसांत नावावर करून घ्यायची, आणि विमाही चौदा दिवसांत आपल्या नावाने मागायचा. प्रत्यक्षात २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर कोऱ्या सह्या घेऊन गाडी चार हातांतून फिरते, कारण मधल्या दलालाला आपले नाव आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, नको असते. २०१८ मध्ये अशाच एका गाडीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. ती एकामागून एक अनेकांना विकली गेली होती, पण नोंद पहिल्याच्याच नावावर. अपघाताची भरपाई त्यानेच द्यायची, असा निकाल लागला; कायद्याच्या लेखी आरसीवर नाव असलेला तोच मालक.

हे टाळण्यासाठी डिसेंबर २०२२ मध्ये नवे नियम आले आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. जुन्या गाड्यांच्या नोंदणीकृत विक्रेत्याकडे गाडी सोपवताना मालक आणि विक्रेता मिळून तसे आरटीओला ऑनलाइन कळवतात. तेव्हापासून गाडी विकली जाईपर्यंत तो विक्रेताच मालक मानला जातो. त्या काळात त्याने ती फक्त चाचणी, दुरुस्ती, रंगकाम अशा कामांसाठी चालवायची आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवायची. अर्थात हे सगळे विक्रेता नोंदणीकृत असेल तर. गाडी सोपवताना त्याचे प्रमाणपत्र मागावे, आणि ताबा दिल्याची ऑनलाइन पोच आपल्या नावावर आल्याशिवाय किल्ली देऊ नये. साध्या ओळखीतल्या माणसाला गाडी विकणार असाल तर २९ नंबरचा फॉर्म त्याच्या हाती न देता स्वतःच दाखल करावा आणि त्याची पोच जपून ठेवावी.